जुन्या गाडीचा भाव कागदावर मागावा



खडकवासल्याहून पुण्यात कामाला जाणाऱ्या माणसाला दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. धायरी, नांदेड फाटा, किरकटवाडीपासून धरणापर्यंतच्या वस्तीतली माणसे दिवस उजाडताच सिंहगड रस्त्याने निघतात. कुणी कंपनीत पहिल्या पाळीला, कुणी मंडईत, कुणी चार घरची कामे करायला. २०२१ साली खडकवासल्यासह २३ गावे पुणे महापालिकेत आली, तरी कामाची वेळ आणि बसची वेळ नेहमी जुळते असे नाही. म्हणून घरात एक गाडी असते आणि पाच-सात वर्षांनी ती बदलण्याची वेळ येते. दसरा-पाडवा जवळ आला की शोरूमबाहेर फलक लागतात, जुनी द्या आणि नवी न्या. या देण्याघेण्यात कष्टाचा पैसा कसा निसटतो आणि तो कसा राखावा, याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

एक काळ असा होता की हा प्रश्नच नव्हता. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. नवी मिळत नसल्याने जुनी स्कूटर नव्यापेक्षा जास्त भावाने विकली जाई. तेव्हा भाव विकणाऱ्याच्या हातात होता. आता नवी गाडी हवी तेव्हा मिळते, त्यामुळे भाव शोरूमवाल्याच्या हातात गेला आहे. आपण तयारीने गेलो नाही, तर तो सांगेल तीच पूर्वदिशा.

पहिली गोष्ट अशी की, एक्स्चेंजमध्ये एकाच टेबलावर तीन व्यवहार होतात. जुनी गाडी विकणे, नवी घेणे आणि बहुतेक घरांत कर्ज काढणे. विक्रेता या तिन्हींचा गुंता करून एकच आकडा समोर ठेवतो, "महिना इतका हप्ता बसेल." आपण हप्ता परवडतो की नाही एवढेच पाहतो आणि मान डोलावतो. जुन्या गाडीचे किती धरले आणि नव्या गाडीवर किती चढवले, हे कळतच नाही.

आम्ही कचेरीत हिशेब लिहिणारी माणसे, म्हणून आकडे मांडूनच सांगतो. समजा, पहिल्या शोरूममध्ये नव्या स्कूटरची ऑन-रोड किंमत १,०८,००० रुपये सांगितली आणि जुनीचे ३४,००० धरले. द्यायचे राहिले ७४,०००. दुसऱ्या शोरूममध्ये तीच स्कूटर १,०२,००० ला आहे, पण जुनीचे २९,००० च देतात. द्यायचे राहिले ७३,०००. म्हणजे जुनीला ज्याने जास्त भाव दिला, तोच महाग पडला. आता समजा, बाहेरच्या गिऱ्हाइकाने जुनीचे ३५,००० दिले आणि नवी दुसऱ्या शोरूममधून घेतली, तर ६७,००० मध्ये काम होते. पहिल्या शोरूमपेक्षा ७,००० वाचले. हेच ७,००० कर्जाने घेतले असते, तर वर्षाला १० टक्के सपाट व्याजाने दोन वर्षांत १,४०० रुपये वर गेले असते. एकूण फरक ८,४०० रुपयांचा. तेवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके आणि गणवेश होऊन जातात.

यातून नियम एकच निघतो. आधी जुन्या गाडीचा उल्लेखही न करता नव्या गाडीचे कोटेशन लेखी घ्यावे. त्यात गाडीची मूळ किंमत, विमा, आरटीओचा कर आणि इतर सामान वेगवेगळे लिहून मागावे. मग जुन्या गाडीचा भाव विचारावा. एक्स्चेंज बोनस म्हणून काही देत असतील, तर तो जुन्या गाडीच्या भावात मिसळू न देता वेगळा लिहायला लावावा. शेवटी खिशातून किती जाणार, तोच आकडा दोन-तीन ठिकाणचा पडताळून पाहावा.

आता जुन्या गाडीचा खरा भाव कसा ओळखावा? घरातली विम्याची पॉलिसी काढून पाहावी. फक्त थर्ड पार्टी नसून पूर्ण विमा असेल, तर तिच्यावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी किती किंमत धरील, तो हा आकडा. त्यासाठी ठरलेला घसारा असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतरची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. हा बाजारभाव नव्हे, पण बोलणी सुरू करायला हाताशी एक आधार मिळतो.

त्यानंतर नेहमीच्या मेकॅनिकला विचारावे आणि वस्तीत तसलीच गाडी कुणी कितीला विकली याची चौकशी करावी. मोबाईलवर जुन्या गाड्यांचे भाव मुले क्षणात काढून देतात, पण तिथला आकडा हा मागणीचा असतो, सौदा त्याच्या खालीच होतो. आणखी एक लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. त्यामुळे त्याआधीचा भाव ऐकून हट्ट धरण्यात अर्थ नाही.

शोरूमवाला बाहेरच्यापेक्षा थोडे कमी देणार, हे समजण्यासारखे आहे. त्यालाही गाडी दुरुस्त करून पुढे विकायची असते आणि त्याची जागा अडते. बाहेर विकायला आपल्याला वेळ आणि ओळखी लागतात. दोन-तीन हजारांचा फरक असेल आणि कागदपत्रे चोख होत असतील, तर शोरूमला देणे शहाणपणाचेच. फरक त्याहून मोठा असेल, तर घाई करू नये. "आजच्या दिवसच ऑफर आहे" हे वाक्य उद्याही ऐकायला मिळते.

दाखवायला नेताना गाडी धुऊन-पुसून न्यावी. हवा, ब्रेक, दिवे, हॉर्न ठीक असावेत. मात्र विकायच्या गाडीवर मोठा खर्च करू नये, तो भावात वसूल होत नाही. आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या बरोबर ठेवाव्यात. थकलेली ई-चलाने आधीच पाहून घ्यावीत. जुन्या गाडीचे कर्ज फिटले असेल, तर फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. हप्ते फिटून वर्षे झाली तरी बोजा तसाच असलेल्या गाड्या आपल्या वस्तीत कितीतरी आहेत. तेवढ्यावरून भाव पाडला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पैसे मिळाले म्हणजे गाडी आपल्या डोक्यावरून उतरली, असे नाही. आमच्या परिचयातल्या एका बंधूंनी जुनी मोटरसायकल एका शोरूमला दिली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि नवी घेऊन घरी आले. पुढे कित्येक महिने त्यांच्या मोबाईलवर कुणा दुसऱ्याच्या चुकीची चलाने येत राहिली, कारण नोंद त्यांच्याच नावावर होती. चलानावरच निभावले म्हणायचे. अपघात झाला असता तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. गाडी विकली गेली, पुढे अनेक हातांतून फिरली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावे नोंद आहे तो.

म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० ने अर्ज करायचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक सोय झाली आहे. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची फॉर्म २९-सी ने ऑनलाइन नोंद झाली, की पुढच्या जबाबदारीसाठी तोच मालक मानला जातो. तेव्हा शोरूममध्ये सरळ विचारावे, "तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का? २९-सी ची पोच कधी देता?" गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि किती किलोमीटरवर दिली, याची सही-शिक्क्याची पावती घ्यावी. आरसी देण्यापूर्वी तिची झेरॉक्स ठेवावी. महिन्याभराने गाडीचा नंबर टाकून नाव बदलले का, ते पाहावे.

विम्यातली एक रक्कम मात्र आपलीच असते. क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, हा गाडीचा नसून माणसाचा असतो. पाच वर्षे क्लेम नसेल, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र आणावे. शोरूमवाला आपण होऊन सांगेलच असे नाही.

कबूल केलेला भाव ऐनवेळी फिरवला, तर लेखी कोटेशन कामी येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तोंडी शब्दाला मात्र तिथे पुरावा लागतो.

शोरूममध्ये एकट्याने जाऊ नये. घरातल्या बाईला आणि शिकलेल्या मुलाला-मुलीला बरोबर न्यावे. पैसा सगळ्यांच्या पोटाला चिमटा काढून साठलेला असतो, तेव्हा आकडेही सगळ्यांसमोर मांडले जावेत. चकचकीत टेबलासमोर बसल्यावर विचारायला संकोच वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण खुर्चीवर बसलेला माणूस आपल्यावर उपकार करीत नसतो, तो आपल्याशी व्यवहार करीत असतो. समजले नाही तर पुन्हा विचारावे, पटले नाही तर उठावे. रस्त्यावर दुसरे शोरूम आहेच.