योग्य दवाखाना कोणता?



घरात कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न येतो, कोणत्या दवाखान्यात जायचे? शेजारी एक नाव सांगतात, मामू दुसरे. कोणी म्हणतो, मोठ्या शहरात न्या. कोणी म्हणतो, आधी झाडफूक करा. या चर्चेत वेळ जातो आणि दुखणे वाढते. माझ्या मते, मोठा तोच दवाखाना चांगला, ही समजूत चुकीची आहे. शिकलेला डॉक्टर आणि गरजेचे औषध जेथे लवकरात लवकर मिळते, तोच योग्य दवाखाना.

आपल्या जालना जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेक माणसे दगावत. डॉक्टरांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाब कमी करणारे औषध वापरले. पूर्वी अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस दगावत. ते प्रमाण एकावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची सुरुवात खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात झाली, हे लक्षात ठेवा. मात्र औषध कितीही चांगले असले, तरी वेळेवर पोहोचणाऱ्यालाच ते वाचवते.

म्हणून साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका. 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. दुआ जरूर मागावी, पण दवा घेण्यास उशीर करू नये.

साधा ताप, खोकला यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसे असते. तेथे भागले नाही, तर ग्रामीण रुग्णालय, मग जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अशा पायऱ्या आहेत. पहिली पायरी सोडून थेट शहर गाठले, तर पैसा आणि दिवस दोन्ही वाया जातात.

सरकारी दवाखान्यात गर्दी असते, कधी औषध संपलेले असते. ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे औषधाची मागणी करणे किंवा दुसऱ्या शिकलेल्या डॉक्टरकडे जाणे. प्रत्येक तापाला सलाईन लावणाऱ्या भोंदूकडे जाणे हा उपाय नव्हे. ‘नीम हकीम खतरा-ए-जान’ ही म्हण तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. खासगी रुग्णालयात खर्च आधी विचारा.

सरकारी दवाखान्यातील पाट्या, लसीकरणाचे दिवस, मोफत सेवांची यादी बहुधा मराठीत असते. तुमच्या दादीला किंवा अम्मीला ती वाचता येत नसेल, तुम्हाला येते. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत जा आणि ती पाटी मोठ्याने वाचून त्यांना समजावून सांगा.