उंदीर, माकड आणि बाटलीवरची चिठ्ठी

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मादक पदार्थ वारंवार घेतला म्हणजे अंगवळणीं पडतो व त्याचा परिणाम कमी कमी होत जातो. दारू-अफूच्या बाबतींत हें बरेंचसें खरें आहे. उत्तेजक द्रव्यांविषयीं मात्र प्रयोगशाळेंतील उंदीर निराळेंच कांहीं सांगतात.

एमडीएमए, ज्यास तरुण मंडळी 'एक्स्टसी' म्हणतात, तें द्रव्य १९१२ सालीं जर्मनींतील मर्क ह्या कारखान्यांत प्रथम तयार झालें. झोंप, भूक व मनोवृत्ति ह्यांशीं संबंध असलेलें सेरोटोनिन नांवाचें रसायन मेंदूंत असतें. त्याचा सांठा हें द्रव्य एकदम मोकळा करतें. मग उंदीर सारखा धांवतो, पुढचे पाय जागच्या जागीं आपटतो, मान डोलवितो, मागचे पाय फांकून पोट जमिनीस टेकवितो. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हें द्रव्य पुनःपुन्हां दिल्यावर हीं लक्षणें ओसरलीं नाहींत, उलट वाढलीं. आणि ज्या उंदरांस मोठ्या मात्रा वारंवार दिल्या, त्यांच्या मेंदूंत सेरोटोनिन पुढें आठवडेच्या आठवडे कमी भरलें. बाहेर धांव वाढावी आणि आंत कोठार रितें व्हावें, असें हें द्रव्य! मुलगा रात्रभर हंसतो, नाचतो, म्हणजे त्यास अपाय नाहीं, असें मानणाऱ्या पालकांनीं ह्याचा विचार करावा.

तथापि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, व त्यास दिलेल्या मात्राहि बहुधा फार मोठ्या असतात. (डॉक्टरांनीं एखाद्या विकारासाठीं बेतानें दिलेलें उत्तेजक औषध ही तर वेगळीच गोष्ट.) हें झांकून दोन शब्द वाढवून सांगण्याचा मोह आम्हां शिक्षकांस फार. २००२ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत माकडांवरील एक प्रयोग आला: एका रात्रींतील दोन-तीन मात्रांनींहि मेंदूंतील डोपामिनच्या तंतूंस इजा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. मोठा गवगवा झाला. २००३ सालीं तो लेख मागें घ्यावा लागला. बाटलीवरची चिठ्ठी चुकली होती, आणि एकाखेरीज सर्व प्राण्यांस मेथॅम्फेटामिन दिलें गेलें होतें.

ही फजितीहि आम्ही वर्गांत सांगितली. एकानें लागलेंच विचारलें, "मग गुरुजी, उंदरांच्या बाटलीवरची चिठ्ठी बरोबर होती कशावरून?" प्रश्न रास्त होता. सेरोटोनिन घटल्याचें एकाच ठिकाणीं नव्हे, अनेक प्रयोगशाळांत निरनिराळ्या हातांनीं पाहिलें गेलें आहे, असें आम्ही उत्तर दिलें. त्यावर तो खालीं बसला.