गाळणीचा जीर्णोद्धार कीं शृंगार?

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करण्याची हौस सुशिक्षितांत वाढत आहे, व ती स्तुत्य आहे. परंतु जीर्णोद्धार आणि शृंगार यांतील भेद पुष्कळ हौशी मंडळींस उमगलेला दिसत नाहीं. त्याची साक्ष पाहिजे असेल तर बॉनेट उघडून एअर फिल्टर, म्हणजे हवेची गाळणी, पाहावी.

दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप घ्या. तिच्याच कुळांतील गाड्यांची जुळणी महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईंत सुरू केली. हिच्या गाळणींत कागद नाहीं. तळाशीं तेलाची वाटी, वर तारेची जाळी. इंजिनानें ओढलेली हवा खालीं तेलापर्यंत येते व तेथून एकदम उलट वर वळते. हवा हलकी म्हणून वळते. जड धुळीस तसें वळतां येत नाहीं, ती तेलांत बुडते. उरलीसुरली धूळ तेलानें ओल्या झालेल्या जाळींत अडकते.

आज या यंत्राचें काय होतें? डबा चकचकीत रंगवितात, जाळी फेंकून देतात आणि आंत कागदी गाळणी दडवितात. कित्येक तर वाटी कोरडीच ठेवतात. त्याहून घोर प्रकार म्हणजे गंज काढण्यासाठीं जाळीसकट डब्यावर वाळूचा फवारा मारणें. जाळींत राहिलेले कण पुढें इंजिन ओढून घेतें. म्हणजे पहारेकरीच घरांत चोर सोडतो!

कोणी म्हणेल, कागद अधिक बारीक धूळ अडवितो. हें खरें आहे. रोजच्या वापरांतील गाडीस कोणी कागद लावला तर आमची तक्रार नाहीं. मात्र त्यास सुधारणा म्हणावें, जीर्णोद्धार म्हणूं नये, आणि काढलेली जाळी जपून ठेवावी. दुसरा कोणी म्हणेल, १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीस मुळांत गाळणीच नव्हती, तरी ती धांवली. धांवली खरी, पण धूळ खात धांवली. रस्त्याच्या धुळींतील गारेचे कण लोखंडाहून कठीण असतात. पिस्टनच्या रिंगांशीं पोंचले कीं ते सिलिंडरवर कानशीचें काम करतात.

खऱ्या दुरुस्तीस मोठा खर्चही नाहीं. वाटी व जाळी रॉकेलनें धुवून पूर्ण निथळूं द्यावी. वाटींत खुणेच्या रेषेपर्यंत इंजिनाचेंच तेल घालावें. कमी पडल्यास धूळ निसटते, जास्त झाल्यास तेलच इंजिनांत ओढलें जातें. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीचे सांधे घट्ट आहेत ना, तेंही पाहावें. तेथें फट असेल तर न गाळलेली हवा आंत शिरते व सारे श्रम व्यर्थ जातात.

म्हणून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांतील परीक्षकांस आमची सूचना अशी कीं, रंगाची झळाळी पाहण्यापूर्वीं त्यांनीं ही वाटी उघडावी. आणि ती कोरडी आढळल्यास त्या गाडीस बक्षीस देऊं नये.