पंचांग एकच, प्रश्न वेगळे



आज जरा नाजूक विषयावर लिहिते आहे. विषय आहे ज्योतिष. ते खरं की खोटं, हा वाद घरोघरी होतो. पण कोणत्या भागात लोक ज्योतिषाला काय विचारतात, हे आपण सहसा बघत नाही. मला ते बघायला मिळालं, कारण माझी नोकरी दोन जिल्ह्यांत झाली.

डी.एड. झाल्यावर पहिली नेमणूक सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर. सात वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात आले. मधे फार तर तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पण पंचांगाला विचारले जाणारे प्रश्न पार वेगळे.

जतला मे महिना संपत आला की पालक शाळेत डोकावायचे. "बाई, मृगाचं वाहन काय हाय ओ यंदा?" कॅलेंडर शाळेच्या भिंतीवर, आणि वाचून दाखवणारी मी. मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सगळी नक्षत्रं तिथल्या आज्जींना तोंडपाठ. जास्त जीव मात्र उत्तरा आणि हस्तावर. कारण तिकडची शाळू ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर येते. हस्त कोरडा गेला की दिवाळीनंतर माझ्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढायची. आईवडील ऊसतोडीला जायचे, मुलंही सोबत.

त्या सात वर्षांत पत्रिका जुळवण्याची चर्चा मी तिथे फार कमी ऐकली. पत्रिका करायची तर जन्मवेळ पाहिजे. अनेक पालकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून! तुमच्याही गावात असे '१ जून'वाले असतीलच. जन्माची नोंद नसली की पहिलीत नाव घालताना गुरुजी ती तारीख टाकून द्यायचे. ज्याची तारीखच गुरुजींनी दिलेली, त्याची कुंडली कशी मांडणार? मग नावरास बघायची आणि सोयरीक उरकायची.

कराडकडे आले तर चित्र उलटं. इथे कृष्णा-कोयनेचं पाणी, उसाचे मळे, शिकलेले पालक. नक्षत्राचं वाहन फारसं कुणी विचारत नाही. पण पत्रिका प्रत्येक घरात. मूल दवाखान्यात जन्मलेलं, वेळ मिनिटासकट नोंदलेली, मोबाईलवर दोन मिनिटांत कुंडली तयार. प्रश्न कोणते? लग्न कधी, सायन्स घ्यावं का, परदेशाचा योग आहे का.

म्हणजे अडाणी भागात ज्योतिष जास्त आणि सुशिक्षित भागात कमी, असं जे आपण धरून चालतो ते मला तरी दिसलं नाही. जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे लोक पाऊस विचारतात. जिथे पाण्याची चिंता मिटली तिथे मार्क, नोकरी आणि लग्न विचारतात. जत तालुक्यातच ज्या गावांत म्हैसाळ योजनेचं पाणी पोचलं, तिथे पुढच्या काही वर्षांत वाहनाची चर्चा कमी आणि पत्रिकेची जास्त झालेली मी बघितली आहे. माणूस बदलला नाही, त्याची काळजी बदलली.

आता ह्या उत्तरांकडे जरा गणिताच्या तासासारखं बघू.

वाहन काढायची एक प्रचलित रीत अशी. सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि त्या संख्येला ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि बाकी शून्य असेल तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस असं मानतात. ह्यात गावाचं नाव कुठेच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. पण वाहन दोघांनाही एकच!

आमच्या चौथीच्या वर्गाने एका वर्षी डब्याचं पर्जन्यमापक करून मृगापासून हस्तापर्यंत नोंदी ठेवल्या. एका रकान्यात वाहन, दुसऱ्यात मिलिमीटर. शेवटी मी काहीच बोलले नाही. मुलंच म्हणाली, "बाई, बेडूक आला पण पाऊस न्हाई आला."

पत्रिकेचंही तसंच. आपल्याकडे मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी असला की मंगळ आहे म्हणतात. म्हणजे बारा स्थानांपैकी पाच. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी दुसरं स्थानही धरतात, म्हणजे झाली निम्मी. जत सीमेवरचा तालुका, सोयरीक विजयपूरकडेही होते. माझ्यासोबतच्या एका बाईंच्या भाचीला इकडे मंगळ नव्हता, पण तिकडच्या स्थळाने पत्रिका दाखवली आणि मंगळ निघाला. मुलगी तीच, आकाश तेच. फक्त जिल्हा ओलांडला.

हे सगळं माहीत असूनही माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

कराडकडच्या शाळेत पाचवीत एक मुलगा होता. गणितात चलाख. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरताना त्याचे वडील आले. "मॅडम, यंदा त्याला बसवू नका. साडेसाती आहे त्याची. आठवीला बघू." मला हसू आलं आणि मी हसले. त्यांच्या तोंडावर. ते काही बोलले नाहीत, पण फॉर्मवर सहीही केली नाही. त्यानंतर पालकसभेला ते आले नाहीत. मुलगा वर्गात हात वर करेनासा झाला. एकदा गृहपाठ का नाही केला विचारलं, तर म्हणाला, "माझं आत्ता काहीच होणार नाही, मॅडम. आज्जी म्हणते." दहा-अकरा वर्षांचं मूल हे बोलतं, तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

मी हसायच्या ऐवजी त्यांना खुर्ची द्यायला हवी होती. पाटीवर बारा राशी लिहायला हव्या होत्या. चंद्रराशीच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीत शनी असला की साडेसाती. म्हणजे कुठल्याही वेळी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच, ढोबळमानाने दर चार मुलांत एकाला. माझ्या ३२ च्या वर्गात सात-आठ जणांना असणार. त्यातली किती शिष्यवृत्तीत येतात आणि किती नाही, हे मागच्या याद्या काढून दोघांनी मिळून बघितलं असतं. कदाचित सही झाली असती, कदाचित नाही. पण बोलणं तरी चालू राहिलं असतं.

अशी पडताळणी मोठ्या प्रमाणावर झालेलीही आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि विशेष मुलांच्या १०० कुंडल्या. अंनिसच्या कार्यकर्त्यांची त्यात मदत होती, तीच संघटना जी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली हुशार मुलाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात. मुलाची हुशारी कुंडलीत सापडत नाही, मग आपण ती तिथे का शोधायची?

म्हणून पंचांग वर्गाबाहेर फेका असं मी म्हणत नाही. उलट आत आणा. तिथी, नक्षत्र, अधिक महिना हे आपल्या लोकांनी शतकानुशतकं आकाश बघून बसवलेलं गणित आहे. त्याचा पहिला मोठा इतिहास, 'भारतीय ज्योतिषशास्त्र', १८९६ मध्ये लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तुमच्या-माझ्यासारखे शिक्षकच होते. सूर्य २७ नक्षत्रं वर्षात फिरतो, मग एका नक्षत्रात किती दिवस? करा भागाकार. साडेतेराच्या आसपास येतं. एवढं ज्याला कळलं, त्याला पंचांगातलं गणित कुठे संपतं आणि भाकीत कुठे सुरू होतं हेही हळूहळू कळतं.

पालकहो, तुमच्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करणार नाही. लग्नाचा मुहूर्त बघा, वास्तुशांत करा. एकच विनंती आहे. मुलाच्या देखत त्याच्या ग्रहांबद्दल बोलू नका. मोठ्या माणसाला ते नुसतं बोलणं वाटतं, मूल ते खरं धरून बसतं.

आणि शिक्षक मित्रांनो, पालक असं काही घेऊन आले तर हसू नका. आधी विचारा, काळजी कसली आहे? पावसाची, पैशाची, की पोरगं नापास होईल ह्याची? त्या काळजीवर बोलता येतं.

तो मुलगा आता आठवीत, गावच्या हायस्कूलला आहे. यंदा शिष्यवृत्तीला बसतोय म्हणे. मागच्या आठवड्यात वडील रस्त्यात भेटले. ह्या वेळी मी आधी चहा घेऊ म्हटलं.