आधी सॉकेट, मग बाकीचे
गेमिंग संगणकात मदरबोर्डची निवड प्रोसेसरपासून सुरू होते. सॉकेट जुळला नाही तर पुढचे सगळेच अडते. एएमडीच्या २०१६ च्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ मेमरी लागते, २०२२ च्या एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. भिवंडीहून लॅमिंग्टन रोडला खरेदीसाठी निघणाऱ्याने एवढे घरीच ठरवावे. मग चिपसेट: ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी६५० वर होतो, आणि पहिल्या संगणकासाठी त्याहून महाग बोर्ड घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पुढे प्रोसेसरला लागणारा विद्युतदाब राखणारा व्हीआरएम तपासावा. यंत्रमागांच्या भिवंडीत एप्रिल-मेचा उकाडा घामटे काढतो, म्हणून त्यावर हीटसिंक हवाच. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. कॅबिनेट त्या मापाचेच घ्यावे. एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट असावेत. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर दुकानातच बायोस अद्ययावत करून घ्यावा. रंगीत दिव्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. खेळाला वेग तिथूनच मिळतो.