यंत्रनगरीचे विसरलेले ऋण

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा यंत्रांवर जगतो. परंतु ज्या यंत्रांनी या भागाला मुंबई बंदराशी जोडले, त्यांचे स्मरण येथे क्वचितच होते. 'टेल्को' या नावातील 'ल' लोकोमोटिव्हचा होता, हे आज किती तरुण कामगारांना ठाऊक असेल? १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने जमशेदपूरला वाफेची इंजिने बांधली. ते काम १९७० मध्ये थांबले आणि २००३ मध्ये 'टाटा मोटर्स' हे नाव आले, तेव्हा नावातूनही इंजिन गेले.

कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले. बोरघाटाच्या चढावर मालगाड्या ओढण्यासाठी तेव्हा एकूण ४१ विजेची इंजिने आली. त्यांतील पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली होती. मोटरीची शक्ती आडव्या दांड्यांनी चाकांपर्यंत पोचविणाऱ्या आणि वळणावर अंग वाकविणाऱ्या या इंजिनाला रेल्वे कामगारांनी 'खेकडा' असे समर्पक नाव दिले. १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' सुरू झाली. तिच्या पहिल्या डब्यांचे सांगाडे विलायतेहून आले, पण वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. म्हणजे तिच्या वैभवात येथील सुतारांचा आणि फिटरांचाही वाटा होता. ते मूळ डबे १९६६ मध्ये बदलण्यात आले. या मार्गावर प्रवासी गाड्या ओढणाऱ्या 'सर रॉजर लम्ले' या इंजिनाला दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु आकुर्डीच्या विद्यार्थ्याने आपल्याच दारावरून गेलेले इंजिन पाहण्यासाठी दिल्ली गाठावी, हे या यंत्रनगरीला भूषणावह नाही.

जुन्या लोखंडावर पैसा कशाला, असा प्रश्न कोणी करील. रस्ते आणि पाणी यांची निकड असताना तो गैरही नाही. परंतु येथे प्रश्न हौसेचा नसून शिक्षणाचा आहे. आजच्या यंत्राचे अंतरंग झाकणाखाली दडलेले असते. जुन्या इंजिनाचा दांडा आणि चाक यांचे नाते मात्र उघड्या डोळ्यांनी समजते. पुण्यातील जोशी संग्रहालयाने छोट्या प्रतिकृतींतून रेल्वेची दुनिया मुलांसमोर उभी केली. मग प्रत्यक्ष यंत्रापासून केवढे शिकता येईल!

मात्र चौथऱ्यावर इंजिन चढवून त्याला वर्षाकाठी रंग फासणे म्हणजे जतन नव्हे. मावळचा पाऊस रंगाखालचे लोखंड खातच राहतो. जतनासाठी छप्पर हवे, मूळ आराखडे हवेत आणि यंत्र जाणणारे हात हवेत. रेल्वेने एखादे जुने इंजिन व डबा द्यावा, महापालिकेने चिंचवडच्या विज्ञान केंद्रालगत छपराची जागा द्यावी आणि कारखान्यांनी आपल्या शिकाऊ उमेदवारांना देखभालीचे काम शिकण्यासाठी तेथे धाडावे. घाटात गाड्या चालविलेल्या निवृत्त चालकांचे आणि फिटरांचे अनुभव त्याबरोबरच नोंदवून घ्यावेत.

हे शेवटचे काम सर्वांत तातडीचे आहे. इंजिन आणखी काही वर्षे यार्डात उभे राहू शकेल. पण ते चालविणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्यामागे त्यांचे ज्ञान उरावे असे वाटत असेल, तर रेल्वे, महापालिका आणि उद्योजक यांनी या वर्षीच एकत्र बसले पाहिजे.