शाळेलगतचे मैदान मुलांना परत देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : मुलांमधील वाढता लठ्ठपणा रोखण्यासाठी शाळेलगतचे खेळाचे मैदान तातडीने मोकळे करून देणे व अन्य मागण्यांबाबत.

संदर्भ : क्षेत्रीय कार्यालयास यापूर्वी दिलेले अर्ज, स्मरणपत्रे आणि प्रभाग समितीच्या बैठकीत मिळालेली आश्वासने.

महोदय,

आम्ही महापालिकेच्या प्राथमिक शाळेतील मुलांचे पालक, शाळेचे माजी विद्यार्थी आणि आसपासच्या वस्तीतले व सोसायट्यांतले रहिवासी आहोत. वरील विषयावर आम्ही वारंवार अर्ज केले. त्यांच्या शिक्का मारलेल्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत, उत्तर मात्र एकाही अर्जाला आलेले नाही. म्हणून आता थेट आपल्याकडे आलो आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, पुढच्या फेरीत ते ४.१ टक्के झाले. देशात ५ ते १९ वयोगटातली लठ्ठ मुले १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटीवर गेली. हे आकडे आपल्या आरोग्य विभागाला ठाऊकच असणार. आमच्या वस्तीत ते कसे दिसतात, एवढेच सांगतो. पाचवीतल्या एका मुलाची मान काळवंडली. आईला वाटले मळ आहे, तिने ती उटणे लावून, मग दगडाने घासली. मान सोलवटली, पण काळेपणा गेला नाही. डॉक्टरांनी सांगितले की हा मळ नाही. वजन वाढल्याने शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची ही खूण आहे. आज आवर घातला नाही तर पुढे मधुमेहाचा धोका. गोड आणि तळलेले कमी करा आणि पोराला रोज तासभर घाम येईपर्यंत खेळू द्या, एवढाच उपाय त्यांनी सांगितला. तो खेळणार कुठे, हे त्या माउलीने पालकसभेत विचारले. मुख्याध्यापकांकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नाही. ते आपल्याकडे आहे.

शाळेच्या मागे विकास आराखड्यात खेळासाठी राखलेले मैदान आहे. ड्रेनेज लाइनच्या कामासाठी ते ठेकेदाराला ‘तात्पुरते’ दिले गेले. काम केव्हाच संपले. सिमेंटचे पाइप, फुटके पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणे आणि खडीचे ढीग तिथेच आहेत. लांब उडीच्या हौदात माल कालवला जात होता, आता तिथे सिमेंटचा घट्ट थर बसला आहे. खो-खोच्या एका खांबाला ठेकेदाराच्या ताडपत्रीची दोरी बांधली आहे, दुसरा खांब पाइपांखाली दबला आहे. उरलेल्या जागेत रात्री घंटागाड्या उभ्या राहतात. सकाळी शाळा भरते तेव्हा त्यांतून गळालेल्या पाण्यावर माश्या घोंघावत असतात. फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे क्षेत्रीय कार्यालयही सांगू शकत नाही. मुले कुंपणाच्या तुटक्या जाळीतून आत शिरत. गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या पायात सळई घुसली. त्यानंतर प्रशासनाने जाळी दुरुस्त केली, सळया उचलल्या नाहीत.

आता शाळेत खेळाचा तास वर्गातच होतो. मोठी मुले गल्लीत दुचाक्यांच्या मधून क्रिकेट खेळतात आणि चेंडू नाल्यात गेला की खेळ संपतो. मुलींचे तर खेळणेच बंद झाले आहे. पाइपांच्या आडोशाला संध्याकाळी कोण बसलेले असते हे वस्तीत सर्वांना माहीत आहे. कोणती आई मुलीला तिकडे पाठवेल? दहा बाय बाराच्या खोलीत पोराला गप्प बसवायचे तर हातात मोबाइल दिला जातो. मग तज्ज्ञ मंडळी आयांनाच दोष देतात. आयांचा दोष नाही, साहेब. त्यांच्या मुलांची जागा आपल्या ताब्यात आहे.

मैदान रिकामे करण्याचे पहिले आश्वासन होते ‘पावसाळा संपताच’. मग ‘ठेकेदाराला नोटीस काढली आहे’ असे सांगण्यात आले. त्या नोटिशीची प्रत मागितली, ती आजतागायत मिळालेली नाही. पुढे आचारसंहिता आली, ती उठल्यावर ‘नवीन आर्थिक वर्षात तरतूद करू’ असे प्रभाग समितीच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितले गेले. पाइप उचलायला कसली तरतूद लागते, हे आम्हाला समजले नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते सामने आमच्या मुलांनी मोबाइलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी खांब मोकळा करायला गेली, तर रखवालदाराने त्यांना हाकलून दिले. आमच्यापैकी कोणीही हे विसरलेले नाही.

आमची मुख्य मागणी एकच आहे. साहित्य व घंटागाड्या हटवून, जमीन सपाट करून, खो-खो व कबड्डीची मैदाने आखून हे मैदान शाळेच्या ताब्यात द्यावे. शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत ते परिसरातील सर्व मुलांसाठी खुले असावे. दिवे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवे. किल्ली मुख्याध्यापक व पालकांच्या समितीकडे राहावी. संध्याकाळी खेळ घ्यायला वस्तीतले दोन जुने कबड्डीपटू विनामोबदला तयार आहेत. सोसायट्यांनीही आपली मुले पाठवण्याचे कबूल केले आहे. आमच्या बाजूची तयारी झालेली आहे.

याखेरीज शाळेच्या फाटकासमोरची पुड्या व रंगीत सरबतांची विक्री थांबवावी. शाळेजवळ असे पदार्थ विकण्याबाबतचा अंतराचा नियम आपण जाणताच. मात्र गाडीवाल्यांना उठवून लावू नये, त्यांचीही मुले याच शाळेत आहेत. उकडलेले शेंगदाणे, चणे, केळी, पेरू विकायला त्यांना परवाना द्यावा. शाळेतील उंची-वजनाच्या नोंदी पालकांना कळवाव्यात आणि जाडीवरून मुलाला वर्गासमोर चिडवले जाऊ नये अशी सूचना शिक्षकांना द्यावी. क्रीडाशिक्षकाचे रिक्त पद भरावे.

आम्हाला आता तोंडी आश्वासन नको. मैदान कोणत्या तारखेला रिकामे होणार आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी कोण, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही नम्र विनंती. तसे न झाल्यास आम्ही पालक मुलांसह रोज शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकासमोर रस्त्यावर खो-खोचा डाव मांडू. त्यामुळे वाहतुकीला होणाऱ्या अडथळ्याची जबाबदारी प्रशासनाची राहील, याची नोंद घ्यावी.

कळावे.

आपले विश्वासू,
पालक-शिक्षक संघ व परिसरातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
प्रशासन अधिकारी, शिक्षण विभाग
आरोग्य अधिकारी
सहायक आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय